काओशुंगच्या शाळेचा दाखला

२० सप्टेंबर १९९७, शनि.

मिसेस थॉमसनी आज मुलं गेल्यावर सगळ्या जणींना थांबवलं. नवा नियम. पुढच्या सप्टेंबरपासून वर्गात उभं राहायचं असेल तर शाळा पुरी केल्याचा कागद हवा. टीचर असो की असिस्टंट. "जिथे शिकलात तिथला शेवटचा दाखला आणा. कुठल्याही देशाचा चालेल." बाकीच्या गप्पा मारत बॅगा आवरायला लागल्या. मी फळा पुसत राहिले. तो आधीच पुसलेला होता.

सहा वर्षं झाली बहरैनच्या या बालवाडीत. हमद टाउनच्या कितीतरी पोरांनी पहिला आकडा माझ्या हाताला धरून काढला. मिसेस थॉमस बाई वाईट नाही. जाताना म्हणाली, "हमीदा, यू मस्ट हॅव समथिंग."

माझ्याकडे काहीच नाही.

२१ सप्टें., रवि.

इब्राहिमला सांगितलं. (यापुढे इ., नाव लांब आहे.) गोदीतून आला होता, डोळे लाल. वेल्डिंगवर फोरमन असला तरी नव्या पोरांना दाखवायला स्वतः बसतो.

"तुझी शाळा रत्नागिरीला ना?"

"आठ दिवस. त्याआधी पाच वर्षं काओशुंगला."

"हां, ते चीनचं."

"तैवानचं."

लग्नाला सतरा वर्षं झाली आणि अजून चीन म्हणतो. चूक त्याची नाही, मी कधी सविस्तर सांगितलंच नाही. अब्बा जुनी जहाजं तोडायला तिकडे घेऊन जायचे, मग कंपनीने त्यांना तिथेच ठेवलं, आम्हालाही बोलावलं. मी दहा वर्षांची होते. विलायती शाळा परवडणारी नव्हती, म्हणून बंदराजवळच्या बेटावरच्या त्यांच्याच शाळेत घातलं. ७५च्या फेब्रुवारीत परत आणलं. नववीची, म्हणजे तिथल्या शाळेची शेवटची परीक्षा चार महिन्यांवर होती. संपली कथा.

रत्नागिरीच्या हेडमास्तरांनी माझी प्रगतिपुस्तकं उलटी धरली होती. "हे कोण वाचणार? सातवीत बसवा." पंधरा वर्षांची मी, बारा वर्षांच्या पोरींच्या बाकावर. आठ दिवस गेले, मग गेलेच नाही. ती पुस्तकं पुढे घर बदलताना कुठे गेली कुणास ठाऊक.

३ ऑक्टो., शुक्र.

शाळेलाच पत्र लिहायचं. एवढं साधं सुचायला बारा दिवस लागले.

७ ऑक्टो.

चार दिवस झाले, एक पान पुरं होत नाही. बोलायला बसले तर तोंडात येतं, पण लिहायला गेलं की हात अडतो. 'शाळा' लिहिता आलं. 'शिक्षक' आलं. 'प्रमाणपत्र' मुळीच नाही. शेवटी तिथली पहिलीतली मुलं करतात तसं केलं. अक्षर येत नाही तिथे नुसत्या उच्चाराच्या खुणा टाकायच्या. सदतीस वर्षांच्या बाईचं पत्र, अर्धं बालवाडीतलं.

सना डोकावून गेली. "मम्मी, व्हॉट इज दॅट?"

"माझ्या शाळेची लिपी."

"यू कॅन राइट दॅट?" तिच्या आवाजात जे होतं ते ती माझ्याशी बोलताना मी यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. तिची दहावी आहे या वर्षी. घरात परीक्षा एकीचीच, असं समजत होते.

१४ ऑक्टो., मंगळ.

मनामाच्या पोस्टातून टाकलं, रजिस्टर. पत्ता: शाळेचं नाव, बेट, काओशुंग. घर नंबर कुठला आठवायला? खिडकीतला माणूस विचारतो, "जपान?" म्हटलं, लिहिलंय तसं जाऊ दे. "इंशाल्ला," म्हणून शिक्का मारला.

२ नोव्हें.

उत्तर नाही. येणार तरी कुठून.

पण पत्र लिहिल्यापासून रोज काहीतरी वर येतं. आज हमद टाउनच्या बसमध्ये बसले असताना वाफेचा वास आला. म्हणजे आला नव्हता, आठवला. शाळेत सकाळी सगळ्यांचे जेवणाचे डबे एका मोठ्या लोखंडी कपाटात ठेवायचे, खालून वाफ. बारा वाजता दार उघडलं की पन्नास घरांचं जेवण एकदम अंगावर यायचं. माझ्या डब्यात अम्मा भात आणि सुक्या बांगड्याचं कालवण द्यायची. डुकराचं काही खाऊ नये म्हणून कुणाच्या डब्याला हात लावायचा नाही, अशी ताकीद. लिन लाओशींना हे कळलं तेव्हा त्यांनी वर्गात फक्त एवढंच सांगितलं, हमीदाचा डबा सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवायचा. का, ते कुणी विचारलं नाही. लाओशी म्हणजे बाई, शिक्षिका. त्या आमच्या वर्गशिक्षिका, सातवी ते नववी तीनही वर्षं.

जेवणानंतर अर्धा तास बाकावर डोकं ठेवून झोपायचं, सक्तीने. मी एका डोळ्याने खिडकीतून जहाजं बघायचे.

९ नोव्हें., रवि.

केस कापले तो दिवस. सातवीत जाताना नियम होता, मुलींचे केस कानाच्या पाळीपर्यंत, त्याखाली एक बोट नाही. माझी वेणी कमरेपर्यंत. अम्मा दोन दिवस जेवली नाही. अब्बा मला स्वतः न्हाव्याकडे घेऊन गेले आणि पाठ करून उभे राहिले. वेणी पडली तेव्हा मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मान हलकी झाली, वारा लागला. दुसऱ्या दिवशी प्रांगणात झेंड्यासमोर आम्ही पाचशे मुली एकसारख्या, आणि त्यात मी कुठली ते लांबून ओळखू येत नव्हतं. त्या शहरात पहिल्यांदाच.

हे मी अम्माला कधी सांगितलं नाही.

२८ नोव्हें.

मि. थॉमसनी (म्हणजे मिसेस थॉमस. घाईत लिहिते) विचारलं, काही आलं का. म्हटलं, तैवानहून यायचंय. "तैवान!" म्हणून हसली. मग हसू आवरून म्हणाली, "जूनपर्यंत वाट बघते. त्यानंतर माझ्या हातात नाही."

१९ डिसें., शुक्र.

सनाला गणित येत नव्हतं, बसले तिच्याबरोबर. समीकरणं. मला आली. इंग्रजीत नाही आली, आकडे मनातल्या मनात तिकडच्या भाषेत बोलत सोडवली. सना वहीकडे बघतेय, माझ्या तोंडाकडे बघतेय.

"मम्मी, व्हॉट डिड यू वॉन्ट टू बी?"

काय सांगणार. लाओशी पुढे शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजात शिकवायला जाणार होत्या, शहरात नवंच निघालं होतं. आम्हा दोघीतिघींना रविवारी बोटीने पलीकडे नेऊन दाखवलं होतं. रिकामी आवारं, नुकतीच लावलेली झाडं, ओळीने सायकली. त्या म्हणाल्या होत्या, "इथे तुम्ही याल." तेव्हा मला ते येत्या रविवारसारखंच पक्कं वाटलं होतं.

सनाला म्हटलं, "टीचर."

"बट यू आर अ टीचर."

नाही गं, असिस्टंट आहे. पण तिला म्हटलं नाही.

१० जाने. १९९८, शनि.

पत्र आलं.

रोजा होता, दुपारी बसमधून उतरून पेटी उघडली. पाकिटावर हिरवी तिकिटं आणि ते अक्षर. अक्षर ओळखलं. आठवड्याच्या रोजनिशीवर ज्या अक्षरात लाल शाईने दोन ओळी यायच्या ते. सातवीपासून आम्हाला दर आठवड्याला रोजनिशी लिहून द्यावी लागे, बाई वाचून खाली काहीतरी लिहीत. (ही सवय तिथलीच. नाहीतर मी कुठली लिहिणारी.) जिन्यातच बसले. शेजारची मल्याळी आली, "व्हॉट हॅपन्ड, चेची?" चेची म्हणजे ताई. तिला वाटलं कुणी गेलं.

११ जाने.

आज नीट वाचलं. लाओशींनी प्रत्येक अक्षराच्या बाजूला बारीक उच्चाराच्या खुणा घातल्यात, लहान मुलांच्या पुस्तकासारख्या. तीन पानं. डोळे आता अधू झालेत म्हणतात, तरी तीन पानं.

शाळेने माझं पत्र त्यांच्याकडे पाठवलं. त्या त्याच कॉलेजात पुढे पंधरा वर्षं शिकवून निवृत्त झाल्या. आता त्याचं विद्यापीठासारखं मोठं झालंय. आम्ही जिथे समुद्रात पाय बुडवायचो त्या किनाऱ्यावरही विद्यापीठ झालंय, डोंगरातून बोगद्याने आत जायचं, मुलं वाळूत बसून अभ्यास करतात. जहाजं तोडण्याचा धंदा कधीच बंद झाला. आमची शाळा आहे, इमारत नवी.

माझं नाव रजिस्टरात आहे. गुण आहेत. शेवटच्या परीक्षेपुढे रिकामी चौकट आहे, म्हणून दाखला देता येत नाही.

पण आता शाळेत संध्याकाळी मोठ्या बायकांचे वर्ग भरतात. कारखान्यातल्या, मासळी विकणाऱ्या, ज्यांची शाळा लहानपणी सुटली अशा. लाओशी तिथे फुकट शिकवतात. जुलैत परीक्षा असते. त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलंय. मी आले तर बसता येईल. आधी तीन आठवडे यावं लागेल, राहायला त्यांच्या घरी.

आणि शेवटी हे. शब्द न् शब्द उतरवून ठेवते. "तुझे वडील मला हो म्हणाले होते. तू परीक्षेपर्यंत माझ्याकडे राहणार म्हणून मी खोली लावून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी तुला न्यायला आले तर घराला कुलूप."

मला हे काही माहीत नाही.

१२ जाने.

कुठली खोली? अब्बांनीच तर मला शाळेतून काढून...

१६ जाने., शुक्र.

रत्नागिरीला फोन लावला, भावाच्या घरी. अम्मा आली. आधी रोजे, तब्येत, सनाची परीक्षा. मग विचारलं, लिन बाई घरी आल्या होत्या का, आपण निघायच्या आधी?

तिने भावाच्या मुलांना बाहेर पाठवलं, ऐकू आलं मला.

"आली होती. दोनदा."

"आणि?"

"म्हणाली, पोरगी चार महिने माझ्याकडे ठेवा, परीक्षा झाली की मी स्वतः विमानात बसवून देते. तुझा बाप हो म्हणालेला. मी नाय म्हटलं. मना झोप लागली नसती गो. एवढी वयात आलेली पोर, परक्या मुलखात. मीच म्हटलं, आजच्या आज निघूया. हाँगकाँगची तिकिटं दोन दिवस अलीकडची करून घेतली."

तेवीस वर्षं मी अब्बांना बोल लावला. मनातच, पण लावला. ते शेवटचे आजारी होते तेव्हा मी बहरैनहून गेले, पाय चेपले, आणि तरी आतून एक दार बंद ठेवलं होतं. त्यांनी एकदाही सांगितलं नाही की तुझ्या आईने. एकदाही.

फोन ठेवताना अम्माला सलाम केला की नाही, आठवत नाही.

३० जाने., शुक्र.

ईद. शिरखुर्मा केला, इ.चे गोदीतले मित्र येऊन गेले. सगळे रत्नागिरी-रायगडचे, बोलणं सगळं घरचं. अम्माला फोन केला नाही. इ.ने केला, मी स्वयंपाकघरात होते. ऐकू येत होतं: "हां, बरी आहे. कामात आहे."

१३ फेब्रु.

इ.ला पत्राचा अर्थ सगळा सांगितला, पहिल्यांदा. केस, डबा, कॉलेज, कुलूप. तो नखं कापत होता, नेलकटर खाली ठेवला. म्हणाला, "आणि तू इतकी वर्षं काय गप्प होतीस?"

विचारलंस कधी, असं तोंडावर आलं. पण खरं म्हणजे मीच ते गुंडाळून ठेवलं होतं. लग्नात सासूबाईंना कुणीतरी सांगितलं होतं की पोरगी चिनी बोलते, चिनी खाते. सासूबाईंनी माझा डबा उघडून वास घेतला होता. त्यानंतर मी ती भाषा गिळली.

४ मार्च, बुध.

सनाचा पहिला पेपर. सोडायला गेले होते. गेटवर सगळ्या आया, प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली. सना वळून म्हणाली, "नेक्स्ट टाइम आय विल कम अँड स्टँड फॉर यू." आणि आत पळाली.

मी जाणार आहे असं कुणी ठरवलं?

२० मार्च.

अम्माला फोन केला. काय बोलायचं ते ठरवून नव्हता केला. ती म्हणाली, "तू रागावलीस." म्हटलं, हो. म्हणाली, "राग." म्हणजे राहू दे तुझा राग, तुझा हक्क आहे. मग म्हणाली, "मी तिथे पाच वर्षं दारातून बाहेर पडले नाय. मना त्यांचं एक अक्षर कळत नव्हतं. तू मात्र त्यांच्यातलीच झाली होतीस. मना वाटायचं, ही आता परत यायची नाय."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी शाळेत होते तेव्हा ती कुठे होती. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, बांगडे सुकवत, दिवसभर एकटी. माझी सगळ्यांत चांगली वर्षं ती तिची सगळ्यांत वाईट.

राग गेला नाही. पण आता त्याला बसायला पूर्वीसारखी जागा नाही.

१८ एप्रिल, शनि.

मिसेस थॉमसला पत्र दाखवलं, अर्थ सांगितला. तिने ती तीन पानं हातात धरून बराच वेळ पाहिली. वाचता येत नव्हतं तरी. "सो यू विल गो?" म्हटलं, परीक्षा जुलैत, निकाल ऑगस्टअखेर. पास झालेच तरी कागद सप्टेंबरच्या आत साक्षांकित होऊन येईल की नाही, सांगता येत नाही. ती म्हणाली, "जागा मी भरणार नाही असं वचन देता येत नाही, हमीदा. एक मुलगी मागे लागली आहे, बी.ए. आहे."

खरं बोलते हे बरं.

८ मे, शुक्र.

भांडण. इ.ची रजा जुलैत, आणि जुलैत त्याच्या पुतणीचं लग्न. रत्नागिरीला सगळे जमणार. मी नसले तर काय म्हणतील.

"काय म्हणतील?"

"म्हणतील, सून चीनला गेली."

"तैवानला."

"तेच तर! त्यांना फरक कळतो काय?"

"तुला कळतो का?"

उठून खाली गेला. सूकच्या बाजारात दोन तास फिरून आला, हातात खजूर आणि सनासाठी पेनांचं पाकीट. माझ्यासाठी काही नाही.

११ मे.

तीन दिवस झाले, बोलणं बंद. सना आम्हा दोघांच्या मधे मीठ सरकवते.

मी स्वतःला विचारते आहे, कागदासाठी जायचंय का? नोकरी राहीलसं वाटत नाही. तरी जावंसं वाटतं. मग कशासाठी? त्या रिकाम्या चौकटीसाठी? लाओशी त्र्याहत्तरच्या आहेत. मला त्यांच्यासमोर एकदा बसायचंय, वही उघडून.

१५ मे, शुक्र.

इ. सकाळी नमाजाहून आला तो गोदीतल्या एका फिलिपिनो सहकाऱ्याला विचारून आलेला, मनिलाहून काओशुंगला विमान जातं का. जातं. कागदावर वेळा लिहून आणल्या होत्या, शहराचं नाव चुकीचं.

"लग्नात मी आणि सना जातो. विचारतील तर सांगेन, तिचे पेपर आहेत."

"हसतील."

"हसू दे. हसले की खलास." मग ताटाकडे बघत: "माझी चौथी झाली नाय. मना कुणी न्यायला आलं नाय. तुझ्या बाई दोनदा आल्या."

हे मला सतरा वर्षांत माहीत नव्हतं. दहावी झाली असंच लग्नाच्या वेळी सांगितलं होतं त्याच्या घरच्यांनी.

नाव दुरुस्त करून दिलं. त्याने शर्टाच्या खिशात ठेवलं.

२९ मे.

लाओशींचं दुसरं पत्र. छोटं. मच्छरदाणी आहे, पंखा आहे, डुकराचं भांडं घरात नाही, वेगळं पातेलं आणून ठेवलंय. सोबत इतिहासाचा अभ्यासक्रम, कारण तो बदललाय. "पूर्वी शिकवलेलं बरंचसं आता पुस्तकात नाही. विसरली असशील तर उत्तम." बाई अजून तशाच.

सना निकालाची वाट बघत घरभर फिरते आणि माझी तोंडी परीक्षा घेते. इतिहास तिला इंग्रजीत सांगते, ती मला सालं विचारते. चुकले की चमचा आपटते.

५ जून, शुक्र.

अम्माचा फोन आला, स्वतःहून. ती कधी करत नाही. "जातेस ना?" हो. "त्या बाईला सांग..." आणि पुढे काही नाही. भावाची मुलं मागे ओरडत होती. म्हटलं, काय सांगू? "तू बघ. तुला तिची भाषा येते."

मग अगदी शेवटी, "परत येशील ना गो?"

अम्मा, मी अडतीस वर्षांची आहे, म्हटलं. तर म्हणते, "तेव्हा पंधराची होतीस, तरी वाटलं होतं."

१० जून, बुध.

मनामा. तैवानच्या व्यापारी ऑफिसात व्हिसासाठी. बँकांच्या रस्त्यावर, चौथ्या मजल्यावर, एसी इतका की दात वाजतात. मिसेस थॉमसने काल सांगितलं की त्या बी.ए. मुलीला ऑगस्टपासून घेते आहे. "तात्पुरतं." मी मान हलवली. तिचे डोळे भरले, माझे नाही. नवल वाटलं.

खिडकीत चष्मेवाला तरुण अधिकारी. अर्ज इंग्रजीत भरला होता. त्याने लाओशींचं पत्र उचललं, वाचायला लागला, आणि वाचता वाचता इंग्रजी सोडून स्वतःच्या भाषेत बोलायला लागला, बहुधा नकळत. "शाळेत प्रवेश. संध्याकाळचा वर्ग. कुणासाठी, मुलीसाठी? ती कुठे आहे?"

मी तेवीस वर्षांत त्या भाषेत माणसाशी बोलले नव्हते. भिंतीशी बोलले असेन, समीकरणांशी. इ. शेजारी उभा, त्याला काही कळत नव्हतं, तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत होता.

"मुलगी नाही," मी म्हटलं. "मी. विद्यार्थिनी मी आहे."

त्याने चष्मा वर केला. अर्जात 'प्रयोजन' अशी ओळ होती, तिथे मी इंग्रजीत 'व्हिजिट' लिहिलं होतं. त्याने ते खोडलं आणि त्यांच्या अक्षरात दोन अक्षरं लिहिली. पुस्तक वाचायला. तिकडे शिकणं असंच म्हणतात.

शिक्का मारला नाही. तैपेईला विचारावं लागेल, अशी केस आधी आली नाही म्हणाला. पुढच्या बुधवारी फोन करा.

खाली आलो. इ. म्हणाला, "काय विचारलंन?"

सांगितलं.

"आणि तू काय म्हटलंस? परत म्हण. तसंच, त्यांच्यासारखं."

रस्त्याच्या कडेला, टॅक्सीवाले हॉर्न वाजवत असताना, त्याला परत म्हणून दाखवलं.